आरोग्यसेवकांचे शिक्षण : समन्वयाचा खर्च कोण सोसतो?

धंतोली हा नागपुरातील जुना, एके काळी शांत असा निवासी भाग. आज तेथील गल्लोगल्ली खाजगी रुग्णालये, तपासणी केंद्रे आणि औषधांची दुकाने उभी आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया येथूनच नव्हे, तर छिंदवाडा, बालाघाट, बैतूलकडूनही रुग्ण येथे आणले जातात. त्यांच्या गाड्या कोठे उभ्या करावयाच्या, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. परंतु गाड्यांच्या प्रश्नाहून मोठा असा एक प्रश्न या गल्ल्यांत रोज हिंडत असतो आणि त्याची सुनावणी कोठेच होत नाही. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत क्ष-किरणाचे फोटो, रक्ततपासणीचे कागद आणि चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन या दारातून त्या दारात जाणारा रुग्णाचा नातेवाईक हा तो प्रश्न होय. एका डॉक्टरने काय सांगितले हे दुसऱ्याला सांगणे, परिचारिकेची सूचना औषधविक्रेत्याला समजावणे, व्यायाम कोणता आणि पथ्य कोणते हे लक्षात ठेवून घरी नेणे, ही सारी कामे तोच करतो. धंतोली सोडून दोन-तीन किलोमीटरांवरील सरकारी 'मेडिकल'मध्ये गेले तरी यात फारसा फरक पडत नाही. तेथे देयकाचा आकडा कमी असतो, एवढेच.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक साधी गोष्ट दिसते. श्रमविभागणी झाली की समन्वयाची गरज निर्माण होते आणि समन्वयाला खर्च येतो. हा खर्च संस्थेने केला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडतो. आपल्या आरोग्यव्यवस्थेत तो पडतो रुग्णाच्या कुटुंबावर, म्हणजे बुडालेल्या रोजीवर, एस.टी.च्या भाड्यावर, शाळा सोडून आईसोबत बसणाऱ्या मुलीवर. श्रीमंत माणूस हा खर्च ओळखीवर आणि पैशावर भागवतो. गरीब माणसाला तो भागवता येत नाही, म्हणून त्याचे उपचार अर्धवट राहतात. मग आपण अशिक्षितपणाला आणि निष्काळजीपणाला दोष देऊन मोकळे होतो.

हा दोष व्यक्तींचा नाही. डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, समाजकार्यकर्ते या सर्वांना आपण ज्या रीतीने घडवतो त्या रीतीत तो आहे. ते सारे एकाच रुग्णावर शिकतात; पण एकमेकांसोबत कधीच शिकत नाहीत. या लेखाचा विषय एवढाच आहे. तो शिक्षणतज्ज्ञांवर सोपवून देण्यासारखा नाही; तो राजकीय प्रश्न आहे, असे मला वाटते.

एका मुलीचा आजार, सात जणांचे काम

विदर्भातील सिकलसेल या आजाराचे उदाहरण घेऊ. हा रक्ताचा आनुवंशिक विकार. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी या नागपूरच्या संशोधकांनी मध्य भारतातील त्याचे अस्तित्व 'लॅन्सेट'मध्ये नोंदवले. पूर्व विदर्भातील आदिवासी आणि दलित समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आहे. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण म्हणून जन्मण्याची शक्यता चारात एक असते. १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलन साधण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. आता समजा, गडचिरोलीच्या एखाद्या खेड्यातील चौदा वर्षांच्या मुलीला हा आजार आहे. तिच्यासाठी कोणाकोणाला काय करावे लागते?

निदान प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ करतो. साध्या विद्राव्यता चाचणीवर न थांबता ती वाहक आहे की रुग्ण, हे त्याने पुढील तपासणीने ठरवावयाचे असते. हायड्रॉक्सियुरिया द्यावे की नाही हे डॉक्टर ठरवतो. ते रोज घ्यावयाचे औषध आहे आणि ते चालू असताना रक्तातील पेशींची मोजणी वरचेवर करावी लागते. मात्रा नीट समजावून देणे आणि औषध संपण्याआधी पुढचे मिळेल हे पाहणे औषधनिर्मात्याचे काम. असह्य वेदनेचा झटका येऊन ती मुलगी रात्री दोन वाजता वॉर्डात दाखल होते, तेव्हा तिच्यापाशी परिचारिका असते. वेदना खरी आहे की मुलगी कांगावा करते आहे, असला अमानुष संशय घेणारे आणि न घेणारे कर्मचारी यांतील फरक त्या रात्री कळतो. पुढे मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून खुबा झिजू लागला, की तिला भौतिकोपचाराची गरज पडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, परंतु ते प्रमाणपत्र मिळवणे, शाळेतील गैरहजेरी समजावून सांगणे, परीक्षेतील आणि प्रवासातील सवलती पदरात पाडणे, लग्नाच्या वयात घराण्याला लागणारा कलंक दूर करणे ही कामे समाजकार्यकर्त्याची. आणि गोळी रोज घेतली जाते की नाही, पाणी पुरेसे प्यायले जाते की नाही, ताप आला तर कोणी थांबून राहात नाही ना, हे पाहणारी अखेर गावातली आशा.

असे हे सात जण. यांतील एकही जण अनावश्यक नाही. एकही जण दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. तथापि त्यांच्या शिक्षणाकडे पाहिले तर काय आढळते? डॉक्टरला आजाराचे रसायनशास्त्र कळते, पण दिव्यांग प्रमाणपत्राअभावी मुलीची शाळा सुटते हे त्याने कधी पाहिलेले नसते. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला योजनांची यादी पाठ असते, पण औषध मध्येच थांबवल्यास काय होते याची त्याला जाण नसते. परिचारिकेला दोन्ही ठाऊक असते. पण तिला कोणी विचारत नाही. आणि आशेला प्रशिक्षण म्हणून जे मिळते ते बहुधा नोंदवही कशी भरावी याचे.

भिंती कशा उभ्या राहिल्या

ही विभागणी निसर्गाने केलेली नाही, कायद्याने आणि शासनखात्यांनी केलेली आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास प्रत्येक व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा आला : परिचर्येसाठी १९४७, दंतवैद्यक आणि औषधनिर्माण यांसाठी १९४८, वैद्यकासाठी १९५६. प्रत्येकाची परिषद वेगळी, अभ्यासक्रम वेगळा, तपासनीस वेगळे. त्या काळी व्यवसायांना दर्जा आणि शिस्त देण्यासाठी हे आवश्यक होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुढे हेच कायदे बदलले तेव्हाही भिंती तशाच राहिल्या. वैद्यकासाठी २०१९ चा आयोग, भौतिकोपचार व तंत्रज्ञ आदींसाठी २०२१ चा, परिचर्येसाठी २०२३ चा. नवे आयोग आले, पण तेही प्रत्येकी एका खोलीचे. २०२१ च्या कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र यादीत नाव असणे आणि वॉर्डात स्थान असणे यांत अंतर आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर नाशिकचे आरोग्यविज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले आणि वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, आयुर्वेद, भौतिकोपचार एका विद्यापीठाखाली आले. समाजकार्य महाविद्यालये मात्र पारंपरिक विद्यापीठांतच राहिली. शासनात वैद्यकीय शिक्षणाचे खाते एक, सार्वजनिक आरोग्याचे दुसरे, अंगणवाडीचे तिसरे. अर्थात विद्यापीठ एक झाले म्हणजे विद्यार्थी एकत्र आले असे होत नाही. १९९८ पूर्वी नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय आणि येथील समाजकार्य महाविद्यालय ही दोन्ही नागपूर विद्यापीठाशीच संलग्न होती; तेव्हाही त्यांची गाठ पडत नव्हती. 'मेडिकल'च्या आवारात आजही डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, भौतिकोपचार आणि व्यवसायोपचाराचे विद्यार्थी जवळजवळ एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर शिकतात. उपाहारगृहातला चहा एक असला, तरी रुग्णाच्या खाटेपाशी ते वेगवेगळ्या तासाला, वेगवेगळ्या शिक्षकामागे येतात.

या विभागणीला आपल्या समाजात आणखी एक अस्तर आहे. १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे विश्लेषण करताना श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतील भेद दाखवून दिला होता. तो भेद रुग्णालयात डोळ्यांनी पाहता येतो. देहाला स्पर्श करण्याचे, मलमूत्र काढण्याचे काम खालचे. चिठ्ठी लिहिण्याचे वरचे. परिचर्येकडे दीर्घकाळ हलके काम म्हणून पाहिले गेले आणि ते बायकांकडे सोपवले गेले. म्हणून डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातील अंतर केवळ ज्ञानाचे नसते. त्यात लिंगभाव असतो, जात असते, वर्ग असतो. एकोणिसाव्या वर्षी जी उतरंड अंगवळणी पडते ती चाळिसाव्या वर्षी एखाद्या परिपत्रकाने मोडत नाही. म्हणूनच ती शिक्षणात मोडावी लागेल.

सांगितले गेले नव्हते असे नाही

हे विचार परदेशातून आलेले नवे फॅड आहे, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती तशी नाही. १९४६ च्या भोर समितीने रुग्णाच्या घरापर्यंत आणि समाजापर्यंत दृष्टी असलेला 'सामाजिक वैद्य' घडवण्याची कल्पना मांडली आणि त्यासाठी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचवले. त्याच वर्षी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात देशातील पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता नेमला गेला. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने गावपातळीवरील कार्यकर्त्यापासून विशेषज्ञापर्यंत एक अखंड साखळी कल्पिली. तिच्या आधारे १९७७ मध्ये प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकासगटांच्या आरोग्याची जबाबदारी घ्यावी अशी योजना निघाली. पुढे ती योजना क्षीण होत गेली. महाविद्यालये शहरातच रमली. १९७८ च्या आल्मा-आटा घोषणेने डॉक्टर, परिचारिका, सुईणी आणि गावचे कार्यकर्ते यांनी एक चमू म्हणून काम करण्यासाठी सामाजिक व तांत्रिक अशा दोन्ही अंगांनी शिकले पाहिजे असे म्हटले. आणि १९८७ च्या सुमारास बजाज समितीने आरोग्यविज्ञान विद्यापीठांची शिफारस केली, ती या साऱ्या शाखा जवळ आणण्याच्या हेतूनेच.

म्हणजे निदान सात दशके सरकारला ठाऊक आहे. तरीही प्रत्येक वेळी शिफारशीचा एकच भाग अमलात आला : डॉक्टरचा. आजही तेच चालले आहे. २०१९ च्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात आरोग्यचमूचा सदस्य व नेता होणे हे पदवीधराचे एक उद्दिष्ट म्हणून लिहिले गेले. २०२१-२२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घेण्याचा उपक्रम आला, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेत पाठवण्याचा नियम झाला. ही पावले योग्य दिशेची आहेत, हे मोकळ्या मनाने मान्य करावयास हवे. परंतु त्या दत्तक कुटुंबाच्या दारात डॉक्टरचा विद्यार्थी सोमवारी जातो, परिचर्येची विद्यार्थिनी बुधवारी आणि समाजकार्याचा विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी शुक्रवारी. तीन वह्यांत तीन नोंदी होतात आणि घरातील म्हातारी तिघांना तेच उत्तर तीनदा देते. चमूचा सदस्य व्हावयाचे, पण चमू मात्र कोठेच नाही!

आपल्याच मातीतील पुरावा

वस्तुतः दाखला नागपुरातच आहे. १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्यासह येथे मातृ सेवा संघाची स्थापना केली. लहान वयात वैधव्य आलेल्या आणि परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या कमलाताईंना प्रसूतीतील मृत्यू हा केवळ वैद्यकाचा प्रश्न नाही, तो दारिद्र्याचा, बालविवाहाचा, टाकून दिलेल्या बाईचा प्रश्न आहे, हे कामातून उमगले. सूतिकागृहातून सुरू झालेल्या या संस्थेने पुढे परिचर्येचे शिक्षण उभे केले आणि १९५८ मध्ये समाजकार्याचे महाविद्यालयही काढले. एका परिचारिकेच्या दृष्टीतून आरोग्यसेवा आणि समाजकार्य या दोन शाखा एकाच बुंध्यातून फुटल्या, ही आपल्या शहराची थोर परंपरा होय. त्या शाखा नंतर वेगवेगळ्या कुंपणांत वाढल्या, हा दोष कमलाताईंचा नव्हे. नियमावली लिहिणाऱ्या आमच्या व्यवस्थेचा.

सेवाग्राम येथे १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी उभारलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी गावात मुक्कामाचे शिबिर करतात, प्रत्येकाला काही कुटुंबे नेमून दिली जातात आणि पुढे महिन्यामहिन्याने त्यांची भेट घेतली जाते. देशाने कुटुंब दत्तक घेण्याचा नियम केला त्याच्या कितीतरी आधी ही प्रथा येथून पाऊण तासाच्या रेल्वेप्रवासावर चालू होती. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातील, बहुधा निरक्षर आणि दलित, स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. नंतर देशोदेशीचे डॉक्टर तेथे शिकायला आले आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या स्त्रियाही होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावच्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ च्या 'लॅन्सेट'मधील अहवालानुसार त्या गावांतील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. ज्ञान फक्त वरून खाली वाहते हा समज या दोन प्रयोगांनी खोटा ठरवला आहे.

बाहेरच्या जगातही यावर काम झाले. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाने १९८६ पासून सर्व आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांना काही अभ्यास एकत्र करावयास लावला, आणि १९९६ मध्ये तेथे विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली मिळून चालवावयाचा वॉर्ड सुरू झाला. ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयातील बालहृदय-शस्त्रक्रियांत झालेल्या मृत्यूंची चौकशी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा व्यवसायांनी एकत्र शिकण्यावर तिने भर दिला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये या विषयावर अहवाल काढले. ही पद्धत 'आंतरव्यावसायिक शिक्षण' या जड नावाने ओळखली जाते. अर्थ साधा : दोन वा अधिक व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांसह आणि एकमेकांकडून शिकावे.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप विशेषज्ञतेचा. सगळ्यांना सगळे शिकवले तर कोणालाच काही येणार नाही, असे म्हटले जाते. परंतु येथे डॉक्टरला परिचारिका बनवावयाचे नाही. आपल्या कामाची सीमा कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते, हे ज्याला कळते तोच आपले काम नेमके करतो. दुसरा आक्षेप पुराव्याचा. एकत्र शिकल्याने रुग्ण खरोखर बरे होतात का? या विषयावरील अभ्यासांचा २०१३ साली झालेला आढावा सावध होता : काही ठिकाणी लाभ दिसला, परंतु अभ्यास थोडे आहेत, निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. हे प्रांजळपणे मान्य करावे. पण वेगवेगळे शिकल्याने रुग्ण बरे होतात याचा पुरावा तरी कोणी कधी मागितला होता?

तिसरा आक्षेप आपल्या बाजूचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. 'चमू' हा शब्द सरकारच्या तोंडी आला की कामगाराने सावध व्हावे, असा अनुभव आहे. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने मलेरिया, देवी, कुटुंबनियोजन यांचे वेगवेगळे कर्मचारी एकत्र करून 'बहुउद्देशीय कार्यकर्ता' निर्माण केला. कल्पना तर्कसंगत होती. प्रत्यक्षात त्या कार्यकर्त्याच्या, विशेषतः परिचारिका-सुईणीच्या, खांद्यावर एकामागून एक कार्यक्रमांचे ओझे चढत गेले. २००५ मध्ये आलेल्या आशेची कथा त्याहून विदारक. तिला मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सन्मानित केले. पण आपल्या देशात ती अद्याप 'स्वयंसेविका'च आहे, नियमित कर्मचारी नाही. तेव्हा एकत्र शिक्षणाच्या नावाखाली रिक्त पदांवर विद्यार्थी उभे करण्याचा, चार माणसांचे काम एकाला देण्याचा डाव खेळला जाणार नाही, याची हमी मागितल्याशिवाय आपण या कल्पनेला पाठिंबा देऊ नये.

येथे विद्यार्थ्यांच्या श्रमाचा हिशोबही मांडला पाहिजे. आंतरवासी डॉक्टरला विद्यावेतन मिळते. ते पुरेसे नाही म्हणून त्याने वेळोवेळी संपही केले. समाजकार्याचा विद्यार्थी मात्र आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्याला बहुधा स्वतःच्या पैशाने बस पकडून जातो. त्यांच्यातील बरेच जण शेतमजुरांच्या, आदिवासींच्या घरचे असतात. परिचर्येच्या विद्यार्थिनींकडून शिक्षणाच्या नावाखाली किती शिकणे होते आणि किती राबणे होते, याची चौकशी खाजगी रुग्णालयांत तर कोणीच करत नाही. एकाच खाटेपाशी उभ्या असलेल्या तीन विद्यार्थ्यांच्या श्रमाची किंमत तीन प्रकारची लावणारी व्यवस्था त्यांना समानतेचे धडे कसे देणार?

मागणी काय असावी

पक्षाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात पुढील मागण्या स्पष्ट शब्दांत याव्यात असे मला वाटते.

पहिली, विदर्भातील प्रत्येक जिल्ह्यात निदान एक ग्रामीण रुग्णालय आणि त्याच्या कक्षेतील प्राथमिक आरोग्य केंद्रे ही एकत्रित क्षेत्रकार्याची केंद्रे म्हणून घोषित करावीत. तेथे वैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार, औषधनिर्माण आणि समाजकार्य यांच्या विद्यार्थ्यांच्या छोट्या तुकड्या एकाच वेळी, निदान सहा आठवडे, राहाव्यात. कुटुंबे समान असावीत, नोंदवही एक असावी आणि परीक्षेत तुकडीच्या कामाला गुण असावेत. गुणांशिवाय आपल्याकडे कोणतीही गोष्ट गांभीर्याने घेतली जात नाही. आरंभ सिकलसेलपासून करावा, कारण त्यासाठी राष्ट्रीय अभियान आणि निधी उपलब्ध आहे. केवळ तपासण्यांचे आकडे गोळा करून हा आजार हटणार नाही.

दुसरी, आरोग्यविज्ञान विद्यापीठ, नागपूर व गोंडवाना ही पारंपरिक विद्यापीठे आणि शासनाची संबंधित खाती यांच्यात यासाठी बंधनकारक करार व्हावा. नव्या आयोगांच्या नियमावलींत एकत्र शिक्षणाचे तास समान शब्दांत लिहिले जावेत.

तिसरी, क्षेत्रकार्यावर असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो कोणत्याही शाखेचा असो, निवास, प्रवासखर्च आणि समान दराने निर्वाहभत्ता मिळावा. एकाही मंजूर पदाच्या बदल्यात विद्यार्थी वापरला जाऊ नये. सरकारी रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षकांची आणि परिचारिकांची रिक्त पदे आधी भरावीत. ज्या वॉर्डात शिकवायला समाजकार्यकर्ताच नाही तेथे विद्यार्थी कोणाकडून शिकणार?

चौथी, आशा आणि अंगणवाडीसेविका यांना या केंद्रांत शिक्षकाचा दर्जा आणि शिक्षकाचे मानधन मिळावे. जी बाई दारोदार फिरून गाव ओळखते, तिने डॉक्टरच्या विद्यार्थ्याला पहिला आठवडा शिकवावा. ही उपकाराची गोष्ट नव्हे, ज्ञानाची योग्य किंमत देण्याची गोष्ट आहे.

पाचवी, शासकीय सवलत, जमीन वा योजनांचा पैसा घेणाऱ्या खाजगी रुग्णालयांनी त्यांच्याकडे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कामाचे तास, विद्यावेतन आणि शिक्षक यांचा तपशील जाहीर करावा.

यांतील कोणतीही मागणी अवाच्या सवा खर्चाची नाही. इमारती आहेत, विद्यार्थी आहेत, रुग्ण तर आहेतच. खर्च येईल तो भत्त्यांचा, मानधनाचा आणि रिक्त पदे भरण्याचा. तो खर्च आज होतच नाही असे नाही. पिशवी घेऊन फिरणारे कुटुंब तो करते आहे. आपली मागणी इतकीच, की तो समाजाने करावा.

कार्यकर्त्यांना विनंती

अखेर एक गोष्ट आपल्या संघटनांविषयी. नागपुरात हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा याच धंतोलीतील यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात. आशांचा मोर्चा एके दिवशी निघतो, परिचारिकांचा दुसऱ्या, अंगणवाडीसेविकांचा तिसऱ्या, निवासी डॉक्टरांचा संप आणखी कधी. प्रत्येकाची मागणी न्याय्य असते, प्रत्येकाला वेगळे शिष्टमंडळ भेटते आणि प्रत्येकाला वेगळे आश्वासन देऊन परत पाठवले जाते. डॉक्टरांच्या संपात परिचारिका नसतात, आशांच्या मोर्चात डॉक्टर नसतात, आणि रुग्ण तर कोणाच्याच मोर्चात नसतो. सरकारला याहून सोयीचे काय असणार?

ही फूट संघटनांनी ठरवून पाडलेली नाही; ती विद्यार्थिदशेतच पडलेली असते. जे कधी एका खाटेपाशी एकत्र उभे राहिले नाहीत, ते रस्त्यावर एकत्र उभे राहतील ही अपेक्षा व्यर्थ आहे. म्हणून वैद्यकीय, परिचर्या आणि समाजकार्य महाविद्यालयांत काम करणाऱ्या आपल्या तरुण साथींनी शासनाच्या आदेशाची वाट पाहू नये. एखादे गाव, एखादी झोपडपट्टी निवडावी. तेथील आशेला मार्गदर्शक मानावे आणि तिन्ही शाखांच्या दहा-बारा विद्यार्थ्यांनी रविवारी तेथे एकत्र जावे. एक नोंदवही ठेवावी. सहा महिन्यांत त्या वहीत जे साठेल ते विद्यापीठापुढे, जिल्हा परिषदेपुढे आणि विधिमंडळापुढे ठेवता येईल. पुढच्या हिवाळी अधिवेशनात आशा, परिचारिका, विद्यार्थी डॉक्टर आणि सिकलसेलच्या रुग्णांची कुटुंबे एकाच दिवशी, एकाच मागणीपत्रावर सह्या करून यशवंत स्टेडियमवरून निघाली, तर त्या वहीचे सार्थक होईल. हे काम आजपासून सुरू करता येण्यासारखे आहे.